वाकडं चित्र आलं तर खूश व्हा (एसएसटीव्ही सुरू करताना)

माझं पहिलं एसएसटीव्ही चित्र, म्हणजे रेडिओवरून आवाजाच्या रूपात येतं ते, तिरकं आलं होतं. थोडंफार नाही, चांगलंच कलंडलेलं. बहुतेक कुणाचा तरी कुत्रा होता, पण अशा कलत्या अंगाने उभा की आत्ता पडतो की मग पडतो, आणि चित्राच्या कडेला रंगीत कचऱ्याची एक लांब पाचर. मला वाटलं अँटेनाची भानगड असणार, आपल्याकडे काहीही बिघडलं की पहिला आळ अँटेनावर. दोन दिवस तिच्याशीच झटत बसले, वायर लांब कर, उंच टांग, दिशा बदल, कुत्रा आपला कललेलाच. शेवटी कळलं की अँटेना बिचारी निर्दोष होती आणि चोर होता लॅपटॉपमधलं साऊंड कार्ड. ते कसं ते पुढे सांगते, पण हे लिहायला घेतलं ते त्या कुत्र्यामुळेच. या प्रकारात चूक लपत नाही, चित्रावर छापून येते, आणि ती वाचायला शिकलात की निम्मं एसएसटीव्ही जमलं असं माझं मत.

आधी थोडक्यात, हे आहे काय. एसएसटीव्ही, म्हणजे स्लो स्कॅन टेलिव्हिजन, म्हणजे हॅम रेडिओवरून (लायसन्स घेतलेल्या हौशी लोकांचा रेडिओ), जिथून एरवी माणसं नुसती बोलतात त्याच चॅनेलमधून, एकेक स्थिर चित्र पाठवायचं. नावात टेलिव्हिजन असलं तरी हलतं काही नाही. जुन्या ॲनालॉग टीव्हीच्या एका चॅनेलला सहा-सात मेगाहर्ट्झची जागा लागायची आणि आपल्याकडे असते जेमतेम तीन किलोहर्ट्झ, मग सावकाश जाण्याशिवाय गत्यंतर नाही. युक्ती अशी की चित्रातला प्रत्येक ठिपका एका सुरात बदलायचा. काळा असेल तर १५०० हर्ट्झचा सूर, पांढरा असेल तर २३००, मधल्या सगळ्या छटा मधल्या सुरांत. एक ओळ झाली की १२०० हर्ट्झचा छोटासा ठोका, म्हणजे काळ्याच्याही खालचा सूर, त्यामुळे तो चित्राचा भाग समजला जात नाही, ऐकणाऱ्या कॉम्प्युटरला फक्त कळतं की चला, नवी ओळ. रंगीत चित्र असेल तर हेच तीनदा, मार्टिन नावाच्या मोडमध्ये (मोड म्हणजे चित्र पाठवायची ठरलेली पद्धत) प्रत्येक ओळीचा आधी हिरवा, मग निळा, मग लाल.

आणि इथे एक गोष्ट नीट डोक्यात बसवून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे: माहिती आवाजाच्या उंच-खालीपणात आहे, मोठा-लहानपणात नाही. सिग्नल हळू झाला म्हणून चित्र अंधारं होत नाही. फार हळू झाला की खरखर वर येते आणि ठिपके ठिपके दिसायला लागतात, एवढंच.

ही डोक्यालिटी कोप्थॉर्न मॅकडोनाल्ड नावाच्या माणसाची, १९५७-५८ च्या सुमारास, अमेरिकेत केंटकी विद्यापीठात विद्यार्थी असताना. क्यूएसटी या हॅम लोकांच्या मासिकात १९५८ साली त्याचे लेख आले. तेव्हा कॉम्प्युटर कुठला, चित्र दिसायचं ते रडारसाठी बनवलेल्या पिक्चर ट्यूबवर, जिच्यावर उमटलेला उजेड काही सेकंद रेंगाळायचा. १२० ओळी, ८ सेकंद, काळं-पांढरं. खालची ओळ उमटेपर्यंत वरची पुसट व्हायला लागलेली, आणि म्हणून खोलीत अंधार करून बघत बसायचं. अमेरिकेत हॅम लोकांना रीतसर परवानगी मिळाली ती १९६८ मध्ये. मला ते आठ सेकंद फार आवडतात, म्हणजे त्यांची कल्पना, बघायची पण घाई आणि थांबायचं पण.

असो. सुरुवात कशी करायची.

काही विकत घेऊ नका. खरंच. मी सांगतेय ते ऐका, कारण मी आधी केबल आणि इंटरफेसच्या मागे लागले होते आणि त्याची पहिल्या महिन्यात काडीची गरज नव्हती. इंटरनेटवर कुणाच्या तरी अँटेनाला जोडलेले रिसीव्हर असतात, नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर त्यातला बहुधा सगळ्यात प्रसिद्ध, ब्राउझरमध्ये उघडायचा, १४.२३० मेगाहर्ट्झ लावायचं, रिसीव्हरचा मोड यूएसबी ठेवायचा (अप्पर साईडबँड हो, केबल नव्हे, मला एकाने खरंच विचारलं होतं कुठल्या पोर्टमध्ये घालू म्हणून) आणि थांबायचं. वीस मीटर बँडवर एसएसटीव्हीचा चव्हाटा म्हणजे हीच फ्रिक्वेन्सी. शनिवार-रविवारी गर्दी जास्त. मोबाईलवर रोबोट३६ नावाचं ॲप टाका, मोबाईल लॅपटॉपच्या स्पीकरसमोर ठेवा, बास. मधे एकही वायर नाही. विंडोज असेल तर एमएमएसएसटीव्ही, लिनक्स असेल तर क्यूएसएसटीव्ही, पण ते नंतर, पहिलं चित्र मोबाईलवरच बघा.

आवाज ओळखायला एक-दोन दिवस लागतात. आधी एक लांब स्थिर शिट्टी, मधे चिमटा काढल्यासारखी बारीक तुटते, परत तशीच शिट्टी, मग भुर्रकन काहीतरी होतं आणि नंतर सुरू होते ती चिरचिरती गुरगुर, जिच्यात तालावर टिक, टिक, टिक. ती शिट्टी १९०० हर्ट्झची. आणि ते जे भुर्रकन जातं ना, त्यात असतो व्हीआयएस कोड, सात बिट्सचा आकडा आणि वर एक पॅरिटी बिट, प्रत्येक बिट ३० मिलीसेकंदांचा. पाठवणारा त्यातून सांगतो की बाबा येणारं चित्र अमुक मोडमध्ये आहे. मार्टिन वनचा आकडा ४४, स्कॉटी वनचा ६०, रोबोट ३६ चा ८. सॉफ्टवेअर तो वाचतं आणि आपोआप सुरू होतं. आणि तो चुकला, म्हणजे नेमक्या त्याच अर्ध्या सेकंदात कुणीतरी मधे बोललं, तर सॉफ्टवेअर ढिम्म बसून राहतं आणि चित्र डोळ्यांदेखत, कानांदेखत म्हणा, निघून जातं. तेव्हा टिकटिक ऐकून मोड ओळखता आला तर हाताने सुरू करता येतं. मार्टिन वनची टिकटिक सेकंदाला साधारण दोन, रोबोट ३६ ची त्याच्या तिप्पट भरभर. युरोपवाले जास्त करून मार्टिन वापरतात, अमेरिकावाले स्कॉटी, दोघांची लांबी जवळपास सारखी, मार्टिन वन ११४ सेकंद आणि स्कॉटी वन ११० सेकंद, आणि कानाला त्यातला फरक कळतो म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

११४ सेकंद म्हणजे जवळजवळ दोन मिनिटं एका ३२० बाय २५६ च्या चित्रासाठी. आजकाल एवढा वेळ कोण थांबतं. पण वरून एकेक ओळ उतरताना बघत बसायला मजा येते, आधी आकाश, मग एक काहीतरी करडं, डोंगर असेल, नाही छप्पर आहे, मग कॉलसाईनची (हॅमचं रेडिओवरचं नाव) अक्षरं वरून अर्धी दिसायला लागतात आणि आपण खालचा अर्धा भाग ओळखायचा प्रयत्न करतो.

मोबाईल स्पीकरसमोर ठेवून ऐकायचा तोटा म्हणजे खोलीतले सगळे आवाज चित्रात जातात. पण तोच मला फायदा वाटतो. मी एकदा चित्र येत असताना पेन टेबलावर टाकलं, टक्. चित्रात त्याच ओळीत एक बारीकशी गुलाबी रेघ. पूर्ण ओळ नाही, बोटाच्या नखाएवढा तुकडा. मला कळेचना की गुलाबीच का, मग विचार केल्यावर ट्यूब पेटली, ओळीचा हिरवा भाग चालू असताना ती टक् झाली, त्या तुकड्यातला हिरवा मेला, उरले लाल आणि निळा, म्हणजे गुलाबी. मग मुद्दाम चाळा लागला, पेन आपटून बघायचं कुठला रंग जातोय. खोकला मात्र लांब असतो, तो तिन्ही रंगांतून जातो आणि एक-दोन अख्ख्या ओळी खातो. ओळ कशी बनते हे मला वाचून समजलं नव्हतं ते या पेनामुळे समजलं.

आता त्या कललेल्या कुत्र्याकडे येते. पाठवणाऱ्याचा कॉम्प्युटर आणि आपला कॉम्प्युटर दोघं आपापल्या घड्याळाने ओळी मोजत असतात, आणि हे घड्याळ म्हणजे साऊंड कार्डातला क्रिस्टल. त्याचं मोजमाप एक दशसहस्रांशाने जरी चुकलं, म्हणजे दहा हजारांत एक, तर ११४ सेकंदांत फरक पडतो साधारण ११ मिलीसेकंदांचा. हे ऐकायला काहीच नाही. पण मार्टिन वनमध्ये एक ठिपका असतो अर्ध्या मिलीसेकंदाहून कमी, त्यामुळे शेवटच्या ओळीपर्यंत चित्र २५ ठिपके सरकलेलं असतं. झाला कुत्रा तिरका. बरीच सॉफ्टवेअर हे चित्र आल्यावर सरळ करून देतात, पण एकदाच नीट कॅलिब्रेट करून टाकलेलं बरं, एमएमएसएसटीव्हीत त्याची सोय आहे, शॉर्टवेव्हवर वेळेचे ठोके देणारी स्टेशनं असतात, डब्ल्यूडब्ल्यूव्ही वगैरे, त्यांचे सेकंदाचे ठोके लावले की स्क्रीनवर एक रेघ दिसते, ती उभी सरळ येईपर्यंत जुळवायची. आणि हो, मी कॅलिब्रेट केल्यावरही एक-दोन जणांची चित्रं तिरकीच यायची, ती त्यांची चूक. सगळ्यांची तिरकी तर आपण, एकाचंच तिरकं तर तो.

बाकीच्या खोड्या पण अशाच चेहऱ्याने ओळखू येतात. अख्खं चित्र उजळ किंवा काळपट आलं तर फ्रिक्वेन्सी जरा सरकलेली आहे. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकूण ८०० हर्ट्झ आणि त्यात २५६ छटा, म्हणजे एका छटेच्या वाट्याला जेमतेम तीन हर्ट्झ. १०० हर्ट्झ इकडेतिकडे झालं की तीसेक छटांचा फरक. सॉफ्टवेअर बरंच सांभाळून घेतं, पण त्याला तरी किती. बाकी चित्र छान स्वच्छ आणि फक्त पांढऱ्या भागात, ढगात किंवा कपाळावर, मुंग्या? मग रिसीव्हरचा फिल्टर अरुंद ठेवलाय, वरचे सूर कापले जातायत. मी आधी लावलेला अरुंद फिल्टर काढायला विसरले होते आणि तास गेला. उभ्या कडा, खांब, दाराची चौकट, कुरतडल्यासारख्या दिसतायत तर त्याला इलाज नाही, लहरी दोन वेगवेगळ्या वाटांनी येतायत आणि एक जरा उशिरा पोचतेय. त्याचा राग मानू नका, त्यातच तर कळतं की हे चित्र वर आयनोस्फिअरला, वातावरणाच्या वरच्या थराला, आपटून आलंय. आणि रिगवर, म्हणजे आपल्या रेडिओ सेटवर, नॉइज ब्लँकर, नॉइज रिडक्शन असलं जे काही असेल ते सगळं बंद. ती बटणं माणसाच्या बोलण्यासाठी असतात, त्यांना ही गुरगुर म्हणजे शुद्ध गोंगाट वाटते आणि ती इमानेइतबारे साफ करायला घेतात.

अवकाश स्थानकाचं वेगळं सांगायला हवं, कारण निम्मे लोक इथे येतात तेच त्याच्यामुळे. आयएसएसवरून कायम नाही पण अधूनमधून काही दिवस चित्रं पाठवतात, एरिस नावाचा हॅम लोकांचा उपक्रम आहे त्यातून, गागारिनच्या उड्डाणाच्या दिवसाच्या, म्हणजे १२ एप्रिलच्या आसपास असे कार्यक्रम बऱ्याचदा झालेत. फ्रिक्वेन्सी १४५.८०० मेगाहर्ट्झ, एफएम, बहुतेक वेळा पीडी १२० मोड. त्याला नावात १२० असलं तरी १२६ सेकंद लागतात, चित्र मोठं असतं, ६४० बाय ४९६. यासाठी साधा हातातला वॉकीटॉकी चालतो, रबरी अँटेनासकट, अर्थात लांब अँटेना असेल तर फार बरं. स्थानक डोक्यावरून जातं ते जास्तीत जास्त दहा मिनिटं, आणि दोन चित्रांमध्ये ते दोनेक मिनिटं गप्प असतात, म्हणजे एका फेरीत हाताला लागतात दोन, फार तर तीन चित्रं, आणि पहिलं बहुधा अर्ध्यातून सुरू झालेलं.

माझी पहिली फेरी मी स्क्वेल्चमुळे घालवली. सवयीने स्क्वेल्च लावलेला, म्हणजे सिग्नल हळू झाला की रेडिओ तोंड मिटतो. स्थानक फिरतंय, सिग्नल वरखाली होतोय, आणि माझा रेडिओ दर दहा सेकंदांनी गप्प, चित्रात जाड जाड काळेकरडे पट्टे, मधे एका माणसाचं नाक. स्क्वेल्च पूर्ण उघडा ठेवायचा, खरखर सहन करायची, खरखरीतून पण सॉफ्टवेअर काहीतरी काढतं, शांततेतून काही काढू शकत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. डॉपलरचं, म्हणजे स्थानकाच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकते त्याचं, लोक फार घाबरवतात, या फ्रिक्वेन्सीवर तो सुरुवातीला आणि शेवटी साधारण साडेतीन किलोहर्ट्झ असतो, एफएमला तेवढं चालतं, काही न करता पण चित्र येतं. त्यापेक्षा हातातला रेडिओ हळूहळू तिरका-आडवा करून बघा कुठल्या अवस्थेत खरखर कमी होते ते, मला तरी त्याचा उपयोग जास्त झाला. आणि चित्र मोबाईलवर लाईव्ह काढत बसण्यापेक्षा नुसता आवाज रेकॉर्ड करा, घरी येऊन दहा वेळा डिकोड करता येतो. मी त्या नाकवाल्या चित्राचं पण रेकॉर्डिंग ठेवलंय.

आता पाठवणं. त्याला लायसन्स लागतं, त्यात वाद नाही. लायसन्स असेल तर एक सॉफ्टवेअर, आणि आवाज रिगमध्ये घालायची एक वायर, बाकी काही मोठं नाही. पण दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे पॉवर. बोलताना आपण श्वास घेतो, शब्दांमध्ये थांबतो, रिगला पण तेवढीच उसंत. इथे ११४ सेकंद सलग पूर्ण आवाज, पॉवर अर्ध्यावर आणा नाहीतर आतली ट्रान्झिस्टर मंडळी नाराज होतात. दुसरं, आवाजाची पातळी एवढीच ठेवा की एएलसीचा (आवाज जास्त झाला की रिग आपोआप आवरते ती सोय) काटा जेमतेम हलेल किंवा हलणारच नाही. जास्त आवाज म्हणजे जास्त लांब जाईल असं वाटतं, तसं नसतं, सूर फाटतात, शेजारच्या फ्रिक्वेन्सीवाल्यांना त्रास होतो आणि आपलं चित्र घाण दिसतं. स्पीच कॉम्प्रेसर बंद.

चित्र कसं निवडायचं यावर मी फार डोकं लावत नाही. मोठ्या आकारांचं, ठळक फरक असलेलं, आपण काढलेलं. दाट पानांचं झाड पाठवू नका, पलीकडे हिरवी गोधडी पोचते. कॉलसाईन भलं मोठं, भोवती काळी किनार, आणि चित्राच्या अगदी वरच्या कडेला लिहू नका, कारण समोरच्याचं सॉफ्टवेअर उशिरा जागं झालं तर तेवढंच जातं. पाठवण्याआधी ऐका, थोडं अजून ऐका. १४.२३० वर कुणी असेल तर तीन किलोहर्ट्झ खाली किंवा वर सरकतात लोक. सिग्नल कसा पोचला हे सांगायला हॅम लोक आरएसटी नावाचे तीन आकडे देतात, इथे त्याच्या ऐवजी आरएसव्ही देतात, शेवटचा आकडा चित्र कसं दिसलं त्याचा, ५९५ म्हणजे झकास. खरं सांगायचं तर ५९५ सगळेच सगळ्यांना देतात, मुंग्या मुंग्या झालेल्या चित्रालाही.

माझं पहिलं पाठवलेलं चित्र म्हणजे खिडकीतल्या मांजराचं. तीन दिवस ऐकत होते, बटण दाबायची हिंमत होत नव्हती, मग एका संध्याकाळी कुणीतरी सीक्यू, म्हणजे कुणी आहे का अशी हाक, पाठवला आणि नंतर शांतता, कुणीच उत्तर देईना, मग दाबलं. रिगवरचा लाल दिवा लागला, गुरगुर सुरू झाली, हात चक्क गार पडलेले, आणि चित्र साधारण अर्ध्यावर आलं असेल तेवढ्यात लॅपटॉप बोलला, टिंग. नोटिफिकेशन. साऊंड कार्ड तेच, वायर तीच, म्हणजे टिंग पण हवेत. बंद करायला माउस शोधतेय तोवर झालं होतं. (आता रिगसाठी वेगळं साऊंड कार्ड ठेवलंय, तुम्ही पहिल्यापासून ठेवा, निदान विंडोजचे आवाज तरी बंद करा.)

मग शांतता. चार-पाच सेकंद. मग शिट्टी, चिमटा, शिट्टी, आणि चित्र उतरायला लागलं. एसएसटीव्हीत लोक उत्तर देताना बऱ्याचदा समोरच्याचं आलेलं चित्र छोटं करून आपल्या चित्राच्या कोपऱ्यात लावतात, म्हणजे तुमचं तुम्हालाच कळतं तिकडे काय पोचलं ते. वरती निळं पाणी आलं, एक होडी, माझं कॉलसाईन, ५९५, आणि मग खालच्या कोपऱ्यात एकेक ओळ करत माझं मांजर. कान आले, डोळे आले, आणि बरोबर मिशांच्या जागी तीन-चार ओळींचा रंगीबेरंगी पट्टा, आणि त्या माणसाने त्या पट्ट्याकडे पिवळा बाण काढून पुढे एक प्रश्नचिन्ह टाकलेलं.

मी मांजराचंच चित्र परत घेतलं, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, लॅपटॉप बेल, सॉरी, आणि पाठवलं. परत ११४ सेकंद.